रिंग उंच आहे

खुर्चीवर ताठ उभा राहायला गेला आणि रिंग हरिचंद्रच्या टाळक्यात बसली. ठण्णकन. आवाज असा झाला की कॅन्टीनमधून दोन डोकी बाहेर आली. खाली टेबल धरून उभा असलेला महिपती शिपाई "अरे सर, बघून!" म्हणाला आणि टेबल सोडून त्याने दोन्ही हात स्वतःच्याच डोक्यावर ठेवले, जसं काय लागलं त्याला होतं. टेबल हललं, टेबलावरची खुर्ची हलली, आणि उल्हासनगर कॅम्प चारच्या कॉलेजचे बास्केटबॉलचे कोच हरिचंद्र सर सकाळी साडेआठ वाजता रिंगला धरून लोंबकळले. त्याने पहिली शिवी रिंगला घातली, दुसरी महिपतीला, तिसरी कॉलेजला. चौथी जिभेवर आली आणि तिथेच राहिली. कारण पाय पुन्हा खुर्चीवर टेकले तेव्हा रिंग त्याच्या हनुवटीसमोर होती. दाढी करताना आरसा असतो तशी.

हेच टेबल होतं, स्टाफरूमचं, एक पाय दुसऱ्याच लाकडाचा. हीच लोखंडी खुर्ची. एक्याऐंशी साली नोकरीला लागल्यावर पंधरा दिवसांत त्याने याच रिंगला जाळी बांधली होती, याच टेबलावर हीच खुर्ची चढवून. तेव्हा टाचा उचलून, हात डोक्याच्या वर ताणून, मान मागे टाकून बारा गाठी मारल्या होत्या आणि मान अशी लचकली होती की जनी तीन दिवस बाम चोळत होती. चोळता चोळता बोलायची, "टेम्पररी नोकरीत कुणी एवढी मान मोडून घेतं का? पर्मनंट झाल्यावर मोडा की." तो बामाचा वास आत्ता, तेरा वर्षांनी, इथे रिंगपाशी त्याच्या नाकात आला. नोकरी अजून टेम्पररीच होती. मान मात्र आज सरळ होती. जाळी फाटली ती त्र्याऐंशीला, आणि तेव्हाच्या प्रिन्सिपॉलने नवी मंजूर केली नाही. "बॉल आत गेला की नाही ते डोळ्यांना दिसतं ना? मग पिशवी कशाला लावायची?" म्हणाले होते. त्यामुळे अकरा वर्षं इथे वर चढायचं कुणाला कारणच पडलं नव्हतं. आता येत्या रविवारी झोनची टूर्नामेंट पहिल्यांदाच आपल्या ग्राउंडवर होती म्हणून जाळी आली होती. आणि जाळीसोबत हे आलं होतं. टेबल वाढत नाही. खुर्ची वाढत नाही. बेचाळिसाव्या वर्षी माणूसही वाढत नाही, वाढलाच तर आडवा वाढतो. मग वाढलं काय?

"महिपती, टेप आण."

"कसली टेप सर? गाण्याची?"

"मोजायची रे! मोजायची!"

महिपतीने समोरच्या हार्डवेअरवाल्याकडून टेप आणली. पिवळीधमक, वर 'मेड इन जपान' लिहिलेली, म्हणजे मागच्या गल्लीत बनलेली. रिंगपासून जमिनीपर्यंत नऊ फूट एक इंच. हरिचंद्रने टेपलाही शिवी घातली. प्लंबरची आणवली. नऊ फूट दीड इंच. परकर शिवणाऱ्या बाईची कापडी टेप आली, तिने नऊ फूट अर्धा इंच सांगितलं. तिन्ही टेपांचं आपसात काही जमत नव्हतं, पण दहा फूट कुणीच म्हणत नव्हतं. अख्ख्या दुनियेत बास्केटबॉलची रिंग जमिनीपासून दहा फुटांवर असते. कॅम्प चारमध्ये ती नऊ फूट एक इंचावर होती. त्याने ती एक्याऐंशीला स्वतः मोजून घेतली होती, वेल्डरच्या डोक्यावर उभं राहून, दहा फूट म्हणजे दहा फूट. रिंग वेल्डिंग तोडून खाली येत नाही. मग त्याने खाली पाहिलं, आणि तिथे जे होतं ते अकरा वर्षं त्याच्या पायाखालीच होतं.

भिंतीवर संगमरवराच्या चार पाट्या होत्या. रोज त्यांच्या खाली तो चपला काढायचा. त्र्याऐंशीला चेअरमन टेकचंद शेठनी आपल्या वडिलांच्या, पोहूमलच्या स्मरणार्थ ग्राउंडला सिमेंटचा कोबा घातला. अडीच इंच. नारळ फुटला, पेढे वाटले. शहाऐंशीला दुसऱ्या ट्रस्टीने पाहिलं की पोहूमलवर पोरं रोज नाचतात आणि आपल्या बापाचं कुठे नावही नाही. त्याने हशमतरायच्या स्मरणार्थ कोबा घातला, पोहूमलपेक्षा अर्धा इंच जाड. जुना फोडून नवा घालावा असं हरिचंद्र तेव्हा भोळेपणाने बोलला होता. शेठ एवढे भडकले की चष्मा खाली पडला. "मेरे बाप की छाती पे कुदाल चलाओगे?" म्हणून वरूनच घातला. अठ्ठ्याऐंशीला शेठाणी म्हणाल्या, माझा बाप काय रस्त्यावर पडलाय? त्यांच्यासाठी अडीच इंच. आणि नव्वदला बदलापूरचा जयदेव, जमिनीच्या धंद्यात वर आलेला, नवा ट्रस्टी झाला. त्याचा बाप सोमा जन्मभर भातशेतीत चिखल तुडवत गेला होता, त्याच्यासाठी तीन इंचांचा घट्ट, गुळगुळीत कोबा. चार बाप, अकरा इंच. एकावर एक झोपलेले. आणि त्यांच्यावर हरिचंद्र अकरा वर्षं शिट्टी वाजवत उभा.

पायऱ्या! व्हरांड्यातून ग्राउंडवर उतरायला दोन पायऱ्या होत्या. त्याला एकदम आठवलं, पहिल्या वर्षी दुसऱ्या पायरीवर बसून तो बुटाच्या नाड्या बांधायचा. कुठे गेल्या त्या? आता व्हरांडा आणि ग्राउंड यांच्यात एक इंचाचा उंबरा उरला होता. पावसाळ्यात पाणी ग्राउंडवरून उलटं प्रिन्सिपॉलच्या केबिनमध्ये शिरायचं आणि सगळे नगरपालिकेला शिव्या द्यायचे. तोही द्यायचा. एवढंच नाही, नव्वदच्या वार्षिक अहवालात त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, 'मैदानावर जाणे-येणे अधिक सुलभ झाले आहे.' च्यायला. सुलभ! पायरी चोरीला गेली आणि घरमालक म्हणतो घर मोकळं वाटतंय. टाळक्यावरचं टेंगूळ ठणकत होतं आणि प्रत्येक ठणक्याबरोबर एकेक गोष्ट आतून वर येत होती. त्यातली एक गोष्ट वर येऊ नये म्हणून तो बाकीच्यांवर जोरजोरात चिडत होता, हे त्याचं त्यालाही कळत होतं.

प्रिन्सिपॉलच्या केबिनमध्ये टेकचंद शेठ बसलेलेच होते, रविवारच्या हारांची यादी करत. सोबत हेडक्लार्क मधु, पेन उघडून. हरिचंद्रने उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

"टेप कुठली?" प्रिन्सिपॉलनी पहिला प्रश्न विचारला.

"समोरची."

"कॅम्प चारची टेप!" मधु हसला. "सर, त्या टेपने मोजलं तर मी सहा फुटांचा भरतो."

"तीन टेपांनी मोजलं."

"हरीसर, बैठो तो सही," शेठ म्हणाले. माणूस वाईट नव्हता. त्याच्या आवाजात नेहमी चहा-बिस्कीट असायचं, आणि त्याचाच हरिचंद्रला जास्त राग यायचा. "दोनों साइड का रिंग बराबर नीचे है ना?"

"हो."

"दोनों टीम के लिए बराबर है ना?"

"हो, पण…"

"तो फिर अन्याय किधर हुआ?"

असा प्रश्न विचारायला माणसाला एक प्रकारची बुद्धी लागते. मग शेठनी मुद्द्याला हात घातला. नऊ वर्षं ह्या ग्राउंडवर आपली टीम हरलेली नाही. रविवारी कप घरात राहिला की सोमवारी मॅनेजमेंटची मीटिंग, आणि मीटिंगमध्ये एकच विषय, हरीसर पर्मनंट. कागद टाइप झालाय. "मधु, दिखाओ." मधुने फाइल उघडून कागद लांबूनच दाखवला, बाळाला खुळखुळा दाखवतात तसा. तारखेची जागा कोरी होती.

"पन्नास रुपयांची जाळी बांधा आणि गप बसा," प्रिन्सिपॉल म्हणाले. "लोक काय म्हणतील? कोच तेरा वर्षं झोपला होता?"

बाहेर पडताना मागून मधुचा आवाज आला, हळू पण ऐकू येईल असा. "काय सर, शेवटी रिंग उंच आहे की खाली? एकदा नक्की काय ते ठरवा." आणि दोघं-तिघं हसले.

ती वर येऊ नये म्हणून दाबलेली गोष्ट तिथे वर आली.

एक्क्याण्णव साल. कल्याणच्या एका कॉलेजात झोनची फायनल. आनंदा, बदलापूरच्या पुढच्या पाड्यावरचा, लांब हातांचा, कमी बोलणारा. त्याच्यासारखा थ्रो हरिचंद्रने आयुष्यात पाहिला नव्हता; घरच्या ग्राउंडवर डोळे मिटून दहापैकी नऊ. आणि त्या दिवशी तोच आनंदा एकामागून एक आखूड टाकत होता. रिंगच्या पुढच्या काठावर बॉल आपटत होता, ठप्प, ठप्प. बाहेरच्या ग्राउंडवर आपली पोरं दरवर्षी अशीच हरायची. त्याने त्याचं निदान कधीच करून ठेवलं होतं: भीती. परक्या ग्राउंडवर ह्यांची फाटते. भीतीवर तो बोलायचा, तास तास बोलायचा. बुवापाड्यातल्या चाळीतून शिकून वर आलेला माणूस मी, माझा बाप किसन काडेपेटीच्या कारखान्यात खोकी उचलायचा, मला नोकरीला लागल्यापासून स्टाफरूममधले लोक पाठीमागे 'सरकारी जावई' म्हणतात, मी घाबरलो का? तुम्ही का घाबरता? टाइमआउटला आनंदा आला, घामाने थबथबलेला, आणि मान खाली घालून म्हणाला, "सर, त्यांची रिंग उंच आहे."

सगळ्यांसमोर. आपल्या पोरांसमोर, त्यांच्या पोरांसमोर, रेफरीसमोर, आणि मधुसमोर, जो फुकटच्या जेवणासाठी आला होता. हरिचंद्रच्या डोळ्यांपुढे त्या क्षणी सगळी स्टाफरूम उभी राहिली आणि त्याचा हात उठला. डाव्या गालावर. आवाज एवढा झाला की पलीकडच्या टीमचा कोच वळून बघायला लागला. "भित्र्या!" तो ओरडला होता. "रिंग उंच नाही, तू ठेंगणा आहेस! आतून!" हे वाक्य त्याला तेव्हा फार चांगलं सुचलंय असं वाटलं होतं. आनंदा खाली वाकला. बूट काढून तिथेच ठेवले, अनवाणी चालत गेला, आणि पुन्हा कॉलेजात आला नाही. एस.वाय.ला होता. मागे राहिलं ते आनंदाचं वाक्य. कॉलेजात त्याची म्हणच झाली. फाइल उशिरा गेली, रिंग उंच आहे. पोरगा नापास झाला, रिंग उंच आहे. कॅन्टीनमध्ये समोसा कच्चा निघाला की कॅन्टीनवालाही हात वर करून म्हणायचा, काय करू साहेब, रिंग उंच आहे. आणि हरिचंद्र हसायचा. हसायचा साला! तीन वर्षं त्या समोशावर हसला होता. पोराने डोळ्यांनी अकरा इंच मोजले होते, टेपेशिवाय, दमलेला असताना, आणि त्याला त्याचं बक्षीस मिळालं होतं.

घरी गेल्यावर तो जेवला नाही. ट्रंक ओढली आणि तळातून आपला निबंध काढला. 'बेडूकउड्या व उंच उडीतील वाढ: एक प्रयोग.' शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांच्या शिबिरात वाचला होता, सायक्लोस्टाइल केलेल्या चाळीस प्रती, टाळ्या. त्याची पोरं दर वर्षी रिंगच्या जास्त जवळ पोहोचत होती, आणि ते सगळं बेडूकउड्या आणि भिजवलेल्या चण्यांमुळे, असं त्याने सिद्ध केलं होतं. शेवटच्या पानावर आलेख होता. रेघ सपाट चालायची आणि मग एकदम वर उडी घ्यायची, पुन्हा सपाट, पुन्हा उडी. त्र्याऐंशी. शहाऐंशी. अठ्ठ्याऐंशी. नव्वद. बघत बसला. पोहूमल, हशमतराय, शेठाणीचा बाप, सोमा. सगळ्या तालुक्यातल्या शाळांत पोरांना त्याने बेडकासारखं उड्या मारायला लावलं होतं आणि उडी मारत होतं ते सिमेंट. त्याला हसू आलं, खरंच आलं, आणि हसता हसता त्याने निबंध उभा फाडला.

"काय झालं?" जनी स्वयंपाकघरातून बाहेर आली. त्याने सांगितलं. ती सरकारी दवाखान्यात आया होती, रडणारी माणसं रोज बघायची, तिला लगेच कुणाची दया येत नसे. तिने कागदाचे तुकडे उचलले, पोळ्यांच्या डब्याखाली ठेवायला घडी घातली आणि विचारलं, "मग त्या पोराला कळवलंत का?"

"रविवार झाला की जातो."

"का? रविवारी काय आहे?"

"टूर्नामेंट आहे. जिंकलो की पर्मनंट. मग शांतपणे जाऊन…"

"म्हणजे आधी त्याच रिंगवर जिंकणार, मग त्याला सांगणार की तुझं खरं होतं." ती आत जाता जाता म्हणाली, "बरं आहे. पेढेही घेऊन जा."

त्या रात्री त्याला जनीचा इतका राग आला की तिच्याकडे पाठ करून झोपला. तेरा वर्षं. दर जूनला कागद, दर एप्रिलला संपलेला कागद. मधल्या मेमध्ये तो कोणीच नसायचा, ना शिक्षक ना बेकार. ही बाई बोलते. हिला काय जातंय बोलायला? आणि मग आठवलं, त्या तेरा मे महिन्यांत घर हिच्याच पगारावर चाललं होतं. त्याने कूस बदलली. पलीकडे ती जागीच होती.

गुरुवारी तो अंबरनाथ एमआयडीसीत गेला. आनंदा एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये वेल्डर आहे एवढं सुदामकडून, म्हणजे आताच्या कॅप्टनकडून कळलं होतं. दोघं एका पाड्यावरचे. पहिली शिफ्ट सुटायची वेळ. गेटजवळ रिक्षावाले ओरडत होते, हवेत सडक्या अंड्यासारखा केमिकलचा वास होता. आनंदा बाहेर आला. खांदे रुंद झाले होते, हातावर ठिणग्यांचे पांढरे ठिपके. त्याने हरिचंद्रला पाहिलं, ओळखलं, आणि गेटच्या बाहेरच्या दगडावर बसून डबा उघडला. सुक्या बोंबलाची चटणी आणि तांदळाची भाकरी. बस म्हणाला नाही. हरिचंद्र उभ्यानेच बोलला. टेंगूळ, टेप, पाट्या, अकरा इंच. आनंदा एकेक घास नीट चावत होता.

"झालं?" शेवटी त्याने विचारलं.

"तुझं खरं होतं आनंदा."

"ते मना म्हाईत हाय. मी त्या दिवशी काय सिंधीत बोललो होतो का सर? मराठीतच बोललो ना?"

"मराठीतच."

"मग?"

हरिचंद्र एक पाऊल मागे सरला. एक रिक्षा त्याच्या पायाला चाटून गेली.

"माझी आय भागीरथी अजून इचारते," आनंदा म्हणाला. "भागीरथीचा पोरगा कॉलेजात जायचा, त्याला मास्तरनं का मारलं? मी सांगतो, अभ्यास नाय केला म्हणून. खरं सांगितलं तर हसंल ती. रिंग उंच म्हणून कोण मार खातं का?" डब्याचं झाकण लावलं. "रविवारी मॅच हाय ना तुमची? सुदाम बोलला."

"आहे."

"घरच्या ग्राउंडवर. म्हणजे जिंकणार. मग माझ्याकडं कशाला आलाव? जा, जिंका. कप घ्या."

"माफी मागायला आलो."

"माफी राहू दे. ती तोंडानं मागतात, तिला काय लागतंय? रिंग वर चढवा. मग बोलू."

"कोण चढवणार? कॉलेज एक खिळा देणार नाही."

आनंदा पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत बघून बोलला, आणि त्या बघण्यात हसू नव्हतं. "मी इथं काय करतो सर? भजी तळतो?"

परतताना रिक्षात हरिचंद्र स्वतःशी मोठ्याने भांडत होता आणि बाजूचे दोन कामगार अंग चोरून बसले होते. चढवली तर रविवारी हरणार. दोन दिवसांत अकरा इंचांची सवय मनगटाला लागत नाही. वर्षानुवर्षांची चुकीची सवय तर उतरतही नाही. न चढवली तर जिंकणार, कागदावर तारीख पडणार, जनी जूनमध्ये हसणार. आणि तो रोज सकाळी त्या रिंगखाली उभा राहून पोरांना म्हणणार, घाबरू नका. तो आयुष्यभर ज्या एका शब्दावर पोट भरत होता तो शब्द त्याच्याकडे कधी होता का? आनंदा त्या दिवशी घाबरला नव्हता. घाबरला होता तो कोच. मधुला, स्टाफरूमला, हसण्याला. डाव्या गालावर पडलेली थप्पड भीतीचीच होती, फक्त गाल चुकीच्या माणसाचा. "थांबव," तो रिक्षावाल्याला ओरडला. कशासाठी ते त्यालाही कळलं नाही. "चल," म्हणाला मग. कामगारांपैकी एक दुसऱ्याला हळूच म्हणाला, "गेलेली केस आहे."

शनिवारी दुपारी ऑफिस बंद झाल्यावर आनंदा दोन सोबत्यांना घेऊन टेम्पोतून आला. महिपतीने गेट उघडलं, म्हणाला, "मी काही बघितलं नाही," आणि सगळं नीट दिसावं म्हणून खुर्ची घेऊन समोर बसला. खांबांच्या डोक्यावर पाइपाचे तुकडे चढले, रिंगच्या मागच्या फळ्या सुटल्या, अकरा इंच वर सरकल्या. निळ्या ठिणग्या पोहूमल-हशमतरायवर उडत होत्या. आनंदा एकामागून एक सांधा जोडत गेला. शेवटी वर चढून त्याने स्वतःच्या टेपेचं टोक रिंगला लावलं आणि दुसरं खाली सोडलं. "वाचा सर."

"दहा फूट."

"मोठ्यानं. ऐकू नाय आलं."

"दहा फूट!"

"हां," आनंदा म्हणाला आणि वरच बसून जाळी बांधू लागला. मान मागे टाकून, बारा गाठी.

तेवढ्यात प्रॅक्टिसला पोरं आली. सुदामने पहिला थ्रो टाकला, आखूड. दुसरा, आखूड. तिसऱ्याला त्याने बॉल हातातच धरला आणि वर बघितलं. त्याला कळायला एक मिनिटही लागलं नाही. हरिचंद्रला वाटलं, मला अकरा वर्षं लागली.

"सर, ये क्या कर दिया? कल मॅच है!" मागून एक पोरगा ओरडला.

हरिचंद्रने सगळं सांगितलं. पोरं ऐकत होती. मग सुदाम म्हणाला, "ठीक आहे, चुकलं तुमचं. पण मग सोमवारी करायचं ना? तुमच्या आणि आनंदाच्या मॅटरमध्ये आमची वाट का? आमचं काय चुकलं?"

"काही नाही."

"मग?"

"त्याचंही काही चुकलं नव्हतं."

"हे काय उत्तर झालं?" सुदाम चिडून म्हणाला. ते उत्तर नव्हतंच. सुदामने बॉल जमिनीवर असा आपटला की तो कॅन्टीनच्या पत्र्यावर गेला. मग स्वतःच जाऊन घेऊन आला. अंधार पडेपर्यंत पोरं शिव्या देत देत थ्रो मारत राहिली. त्यांच्या शिव्या कुणाला होत्या हे विचारायची गरज नव्हती.

रविवारी पहिल्याच मॅचला पोरं हरली. समोरची पोरं साधी होती, उंचीने कमी, पण त्यांचे बॉल जिथे जायला हवेत तिथे जात होते. जाळीचा आवाज येत होता, सप्प, सप्प. ह्या ग्राउंडवर अकरा वर्षांत तो कुणी ऐकला नव्हता, आणि आज तो सगळा पाहुण्यांचा होता. आपले ठप्प. ठप्प. हाफटाइमला अठरा-तीस. दुसऱ्या हाफला सुदामने पाय रोवले, कोपर जरा वर घेतलं, आणि एक टाकला. सप्प. मग आणखी दोन. त्याने कोचकडे पाहिलंच नाही. चव्वेचाळीस-एकोणसाठ. संपलं.

खुर्च्यांच्या पहिल्या रांगेत गळ्यात हार घालून टेकचंद शेठ, जयदेव, प्रिन्सिपॉल बसले होते. मागे मधु आणि स्टाफरूम, समोसे हातात. रिंग वर गेलीय हे त्यांच्यातल्या एकालाही दिसलं नव्हतं. जमीन वर आलेली दिसली नव्हती त्यांना, रिंग कशाला दिसेल? शेठ उठले, हार सावरत. चेहरा खरोखर दुखावलेला होता. "हरीसर! नौ साल में घर पे कभी नहीं हारे! क्या हो गया?"

उत्तर म्हणून खूप काही होतं. टेप होती, पाट्या होत्या, आलेख होता. खांबाला टेकून आनंदा उभा होता, वेल्डिंगचा काळा चष्मा कपाळावर, सुट्टीच्या दिवशीही. हरिचंद्रने त्याच्याकडे पाहिलं. मग शेठकडे, मग मधुकडे, आणि शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

"शेठ, रिंग उंच आहे."

मग मधुच्या नाकातून समोशाचा तुकडा उडाला आणि अख्खी रांग फुटली. प्रिन्सिपॉल हसले, जयदेव हसला, समजलं नव्हतं ते पाहुणेसुद्धा हसले. हरिचंद्रने डावा गाल जरासा पुढे केला आणि वाट बघत उभा राहिला. कुणी मारलं नाही. शेठनी फक्त मधुकडे हात केला, आणि मधुने हसता हसताच पर्मनंटच्या कागदाची फाइल बंद करून काखेत घातली.

हसणं ओसरत गेलं तरी एक माणूस मुळीच हसला नव्हता. आनंदा खांबापासून निघाला, ग्राउंड ओलांडून समोर आला आणि सुदामच्या हातातला बॉल काढून घेतला. कोचच्या छातीवर फेकला, जोरात. हरिचंद्रने तो धरला.

"उद्या किती वाजता प्रॅक्टिस?" आनंदाने विचारलं.

"उद्या मी इथे असेन की नाही…"

"मी ते नाय इचारलं."

"सहा," हरिचंद्र म्हणाला.

"सकाळी की संध्याकाळी?" सुदाम म्हणाला, अजून रागातच. "ते पण नीट सांगा. तुमचं काय खरं नाही."